पुनर्प्रेषक, अनामिक
पुनर्प्रेषक, अनामिक : ई-मेलने आलेल्या संदेशावरील प्रेषकाचे नाव, पत्ता व मार्गाच्या खुणा काढून टाकून तो इष्ट व्यक्तीकडे पुढे पाठविणारी संगणकीय आज्ञावली व ती ज्यावर चालते तो संगणक. यास व्यवहारात रिमेलर असेही म्हणतात. ई-मेल ज्या संगणकांतून जातो, ते बहुधा त्यावर आपापली नोंद करतात. त्यामुळे केवळ खोटे नाव धारण करून प्रेषक अज्ञात राहू शकत नाही.

विकास : प्रारंभीचा प्रसिद्ध पुनर्प्रेषक योहान हेल्सिंगियस यांनी फिनलंडमध्ये १९९३ साली सुरू केला. त्यात खरे पत्ते व टोपणनावे यांची सूची ठेवलेली असे. १९९५ मध्ये पोलिसांनी तीतून एका ग्राहकाचा खरा ई-मेल पत्ता मिळविला आणि १९९६ मध्ये हेल्सिंगियस यांनी ही सेवा बंद केली. ज्याच्या हाती सूची, त्याच्या हाती प्रेषक, हा या प्रसंगाचा निष्कर्ष होय. पुढील सुधारणांचा रोख सूची नष्ट करण्याकडेच राहिला.

याचे मूळ तत्त्व डेव्हिड चॉम यांनी १९८१ मध्येच मांडले होते. त्यानुसार संदेश अनेक पुनर्प्रेषकांतून जातो व त्यावर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे कूटलेखनाचे थर असतात. प्रत्येक पुनर्प्रेषक एकेक थर उलगडतो. त्याला फक्त आधीचा व नंतरचा टप्पा कळतो. तो आलेले संदेश साठवून, त्यांचा क्रम बदलून पुढे धाडतो. १९९२ च्या सुमारास एरिक ह्यूज व हॅल फिनी यांनी सूचीविना चालणारा पुनर्प्रेषक तयार केला. तथापि संदेशांची लांबी भिन्न असल्याने, आत गेलेला व बाहेर पडलेला संदेश जुळविणे शक्य होते. लान्स कॉट्रेल यांच्या ‘मिक्समास्टर’मध्ये सर्व संदेश समान आकाराचे करून हा दोष दूर केला गेला. २००३ मधील ‘मिक्समिनियन’मध्ये प्रेषकाचा पत्ता न कळता त्यास उत्तर पाठविण्याची सोय झाली. २०१७ मधील ‘लूपिक्स’ या योजनेत प्रत्येक संदेशाला यादृच्छिक विलंब लावतात व खऱ्या संदेशांबरोबर बनावट संदेशही सोडतात. त्यामुळे रहदारीवर नजर ठेवणाऱ्यास कोण कोणाशी बोलतो हे ओळखणे कठीण होते.

सामाजिक व कायदेशीर बाजू : संदेशाला नाव जोडलेले असण्याचे परिणाम महाराष्ट्रात पालघर (त्या वेळी ठाणे जिल्हा) येथील घटनेत दिसून आले. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर पाळण्यात आलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मजकूर लिहिला व तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. परंतु एकीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. या घटनेमुळे दाखल झालेल्या याचिकेवर, श्रेया सिंघल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ घटनाबाह्य ठरविले.

पुनर्प्रेषकाचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. मजकूर उघडपणे लिहिलेला होता. किंबहुना अनामिकतेची मर्यादा येथेच कळते. पुनर्प्रेषक लिहिणाऱ्यास अटकेपासून वा जमावापासून वाचवू शकेल, परंतु बोलण्याचा हक्क प्रस्थापित करू शकत नाही. तो न्यायालयातच प्रस्थापित झाला. शिवाय धमक्या, बदनामी व फसवणूक यांसाठीही या साधनाचा दुरुपयोग होऊ शकतो आणि पीडितास दाद मागणे अवघड जाते.

भारतातील नियमांचा कल नोंदी ठेवण्याकडे आहे. २०२१ च्या नियमांनुसार मोठ्या संदेशसेवांना, तसा आदेश मिळाल्यास, संदेशाच्या पहिल्या प्रेषकाचा शोध देता येणे आवश्यक केले आहे. सर्ट-इन या शासकीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आभासी खाजगी जाळे व भाड्याचे आभासी संगणक पुरविणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती सेवा संपल्यानंतरही किमान ५ वर्षे जपावयाची असते. अशा भाड्याच्या संगणकावर पुनर्प्रेषक चालविणाऱ्याचे नाव त्यामुळे नोंदले जाते. मात्र सूचीविरहित यंत्रणेत मूळ प्रेषकाविषयी सांगण्याजोगे चालकाजवळ काहीच नसते.