राक्षस देखणा असता तर?

फ्रँकेन्स्टाइन म्हटले की चौकोनी कपाळाचा, मानेत खिळे ठोकलेला एक धिप्पाड राक्षस डोळ्यांपुढे येतो. वास्तविक हे नाव राक्षसाचे नव्हेच; ते त्याला घडविणाऱ्या तरुणाचे आहे. मूळ कादंबरीत त्या प्राण्याला नावच नाही. आणि ते कपाळ म्हणाल, तर ते १९३१ च्या चित्रपटात बोरिस कार्लॉफ या नटाला रंगभूषाकाराने बहाल केले!

कादंबरी मेरी शेलीची. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनीव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरनने मित्रमंडळींना भुताच्या गोष्टी रचावयास सांगितले, त्यातून ती जन्मली. मेरी तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. १८१८ मध्ये पुस्तक निघाले ते लेखिकेच्या नावावाचून. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन प्रेतांचे अवयव निवडून निवडून जोडतो. पण त्या देहाने डोळे उघडताच किळस येऊन खोलीबाहेर धाव घेतो. पुढचे सारे खून या एका पळण्यातून उद्भवतात.

१९७३ साली एन. बी. सी. या अमेरिकन वाहिनीने हीच कथा दूरचित्रवाणीवर दोन रात्री दाखविली. दिग्दर्शक जॅक स्माइट. लेखक क्रिस्टोफर इशरवुड आणि डॉन बकार्डी. (स्वामी प्रभवानंदांबरोबर गीतेचे इंग्रजी भाषांतर करणारे इशरवुड ते हेच.) चित्रपटाच्या नावातच 'खरी कहाणी' असा दावा आहे, आणि तो मोठा धीट म्हटला पाहिजे, कारण पुस्तकापासून इतकी फारकत क्वचितच कुणी घेतली असेल. बायरनचा खराखुरा वैद्य पॉलिडोरी हासुद्धा येथे एक पाताळयंत्री पात्र होऊन वावरतो!

तरीही त्यातली एक कल्पना आम्हांस मोलाची वाटते. येथे जन्मणारा प्राणी देखणा आहे. मायकेल सॅराझिनने ती भूमिका केली आहे. व्हिक्टर त्याला बोलावयास शिकवितो, उंची कपडे घालतो, चारचौघांत कौतुकाने मिरवितो. मग हळूहळू त्या देहाची कातडी बिघडू लागते आणि व्हिक्टरची माया आटत जाते. प्राण्याच्या हातून अपराध काहीच घडलेला नाही. त्याचे रूप तेवढे गेले आहे. कादंबरीतला बाप पहिल्याच क्षणी पळतो, तेव्हा भीतीची सबब त्याला देता येते. या बापाला ती सबबही उरत नाही. पुस्तकाचा आरंभच बदलून लेखकांनी पुस्तकाचे मर्म अधिक उघडे केले, असे आमचे मत आहे.

गमावले तेही थोडे नाही. मेरीचा प्राणी एका झोपडीशेजारी लपून, तेथल्या माणसांचे संभाषण ऐकत भाषा शिकतो, मिल्टन वाचतो, आणि कित्येक प्रकरणे स्वतःची कैफियत स्वतःच्या तोंडाने मांडतो. आपल्याला निर्माण करून टाकून का दिले, हा त्याचा सवाल असा बिनतोड की वाचक नकळत त्याच्या बाजूला जातो. चित्रपटातल्या प्राण्याला हे वक्तृत्व नाही. तो केविलवाणा वाटतो, वादी होत नाही.

शेवटी उत्तरेकडच्या हिमप्रदेशात चित्रपट निर्मात्याला आणि निर्मितीला एकाच बर्फाच्या कड्याखाली गाडून मोकळा होतो. कादंबरीत तसे नाही. तेथे व्हिक्टर जहाजावर मरून पडल्यानंतर प्राणी त्याच्या शवापाशी येतो, शोक करतो, कप्तानाशी बोलतो, आणि खिडकीतून बर्फाच्या तराफ्यावर उडी टाकून अंधारात दिसेनासा होतो. त्याचे मरण मेरीने कोणालाच पाहू दिलेले नाही.