नकाशावरील रेषा आणि आकाशातील वाट

घरातील मूल कॅलिफोर्नियात स्थायिक झाले की भिंतीवरील जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजण्याचा मोह वडीलधाऱ्यांना होतोच. बेंगळुरूपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पश्चिमेकडे रेषा ओढली, तर ती अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोहोचते. या रेषेने, म्हणजे एकच दिशा धरून, विमान नेले तर सुमारे २०,००० किलोमीटर पडतील. मात्र ९ जानेवारी २०२१ रोजी एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उडवलेले विमान उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आले. त्या दोन शहरांमधील सर्वांत जवळचे अंतर सुमारे १३,९९० किलोमीटरच आहे.

हा ६,००० किलोमीटरांचा फरक नकाशामुळे पडतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना ध्रुवाकडील प्रदेश अवास्तव ताणले जातात. गोलावरील सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्ताची असते. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की ती डोळ्यांना दिसते.

याचा ढोबळ हिशेब दुकानातील पाटीवरही जमतो. बेंगळुरूचा विमानतळ १३.२ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवापासून ७६.८ अंश दूर. सॅन फ्रान्सिस्कोचा ३७.६ अक्षांशावर, म्हणजे ५२.४ अंश दूर. बेरीज १२९.२ अंश. एका अंशाचे ६० सागरी मैल आणि एका सागरी मैलाचे १.८५२ किलोमीटर, म्हणून एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा. गुणाकार येतो सुमारे १४,३६० किलोमीटर. दोन्ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना, रेखांशांत १६० अंशांच्या अंतरावर असल्यामुळेच ही ध्रुवावरून मोजण्याची युक्ती येथे चालते. हे अंतर पूर्ण १८० अंश नसल्याने खरी वाट ध्रुवाच्या थोडी बाजूने जाते आणि सुमारे ३७० किलोमीटर वाचतात.

अचूक उत्तरासाठी त्रिकोणमितीचे सूत्र लागते. त्यातील ‘साइन’ म्हणजे आपली ‘ज्या’. आर्यभटांनी तिची कोष्टके पाचव्या शतकाच्या अखेरीस दिली होती. संस्कृतातील ‘जीवा’ हा शब्द अरबी आणि लॅटिनमधून फिरून ‘साइन’ होऊन परत आला.

तथापि अंतर हे केवळ मुद्दल होय. प्रवासाचा खरा खर्च वारा, हवामान आणि बंद असलेले हवाई क्षेत्र ठरवतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरांनी लांबली आणि १५,३०० किलोमीटर झाली. तरीही पाठीवरच्या वाऱ्यामुळे ते सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोहोचले.

याचा परिणाम व्यापाऱ्याच्या हिशेबावरही होतो. अतिदीर्घ उड्डाणात विमानाच्या वजनाचा मोठा वाटा इंधनाचाच असतो. वारा समोरून असला तर जादा इंधन घ्यावे लागते आणि तेवढा माल किंवा प्रवासी कधी कधी मागे ठेवावे लागतात. म्हणून मालाचे भाडे ठरवताना किंवा वृद्ध आईवडिलांचे तिकीट काढताना केवळ किलोमीटर पाहून निर्णय घेऊ नये. प्रत्यक्ष तास किती, वाट कोणती आणि थांबे किती, हे विचारावे. पट्टी नकाशापुरती ठीक आहे, पण हिशेब पृथ्वीच्या गोलाईवर आणि आकाशातील वाऱ्यावर करावा लागतो.