जुन्या जीपची उंची किती वाढवावी?

आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाकोऱ्या खोल होतात आणि जुन्या महिंद्रा जीपचे पोट मधल्या वरंब्याला घासू लागते. मग गाडी ‘उचलून’ घेण्याचा विचार सुरू होतो. तत्पूर्वी पाटे पाहावेत. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने त्यांचा बाक उतरतो. पाटे बदलले, तर हरवलेली उंची बहुधा तेवढ्यानेच परत मिळते.

त्यानंतरही गरज भासल्यास दीड ते दोन इंच पुरेत. लांब शॅकल हा स्वस्त मार्ग. पण दोन इंच लांब शॅकलने गाडी जेमतेम एक इंच वर येते, शिवाय पुढच्या ॲक्सलचा कल बदलून वेगात स्टिअरिंग भरकटते. जास्त बाकाचे पाटे महाग, पण तेच बरे. मात्र त्यांच्यासोबत ब्रेकचे रबरी पाइप ताणले जात नाहीत ना आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन फार तिरपा झाला नाही ना, हे तपासून घ्यावे.

एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. पाट्यांमुळे चॅसिस वर जाते, डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो आणि खोल चाकोरीत अडकतो तो तोच. त्याला उचलतो फक्त मोठा टायर, तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्माच.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. त्यामुळे उंची वाढवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. मूळ मापाचे नवे पाटे बसवताना हा प्रश्न उद्भवत नाही.