बाग पाहावी, घामही आठवावा

इंग्लंडमध्ये लीड्स शहराजवळ हेअरवूड हाऊस हा उमरावाचा भव्य वाडा आहे. त्याची पायाभरणी १७५९ साली झाली. तेथील तळे व हिरवळ निसर्गाची देणगी वाटते. पण ती केपेबिलिटी ब्राऊन या उद्यानरचनाकाराने आखली. आज कोणीही तिकीट काढून मुलाबाळांसह तेथे दिवसभराची सहल करू शकतो.

बाग सुंदर आहेच. पण पैसा आला कोठून? लॅसेल्स घराण्याची श्रीमंती वेस्ट इंडिजमधील ऊसमळे व गुलामांच्या श्रमावर वाढली. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना भरपाई मिळाली ती मालकांना, या घराण्यालाही; राबणाऱ्यांना छदामही नाही. हा इतिहास आता वाड्यातच सांगितला जातो.

बंधू-भगिनींनो, मुलांना राजवाडे, बागा जरूर दाखवा. सोबत एक प्रश्नही शिकवा : हे कोणाच्या घामातून उभे राहिले?