मूळव्याध, सुरण आणि ताक

अलिबाग ते श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर ताटात तांदूळ आणि मासळी. दोन्ही रुचकर, पण मासळीत चोथा नसतो आणि पांढऱ्या भातात अगदी थोडा. चोथा कमी पडला की शौचाला खडा होतो, कुंथावे लागते आणि गुदद्वाराच्या शिरा फुगतात. मूळव्याध बहुधा अशीच बळावते.

आयुर्वेदात हिला अर्श म्हणतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला चौदावा अध्याय याच रोगावर आहे आणि त्यात ताकाची भरभरून स्तुती आहे. सुरणाचे तर एक नावच ‘अर्शोघ्न’. परसातला सुरण चिंच किंवा कोकम घालून नीट शिजवावा, नाहीतर घसा खाजतो. सोबत नाचणीची भाकरी, वालाची उसळ, पालेभाजी आणि भरपूर पाणी. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जावा. रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा घेण्याआधी वैद्यांना विचारलेले बरे. ठणका असेल तर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसावे.

लाजेपायी लोक रक्त अंगावर काढतात, हे मात्र वाईट. आतड्याच्या कर्करोगातही रक्त पडते. तेव्हा डॉक्टरांकडून तपासून घ्या, सुरण नंतर.