व्यसनमुक्ती केंद्रातून घरी परतल्यावर

व्यसनमुक्ती केंद्रातील उपचार संपवून पती किंवा मुलगा घरी परततो, तेव्हा घरात सणासारखे वातावरण असते. आता संकट टळले, अशी कुटुंबाची समजूत होते. परंतु केंद्रात दारूविना जगण्याचा केवळ पाया घातला जातो. प्रत्यक्ष जगायचे असते ते जुन्याच मित्रांच्या आणि जुन्याच भांडणांच्या गराड्यात. मद्यासक्ती हा मधुमेहासारखा दीर्घकाळ सांभाळावा लागणारा आजार आहे. पाय पुन्हा घसरू शकतो. तसे झाल्यास उपचार वाया गेले असे मानू नये, त्वरित केंद्राशी संपर्क साधावा.

प्रेमापोटी होणाऱ्या चुका आम्हांला अधिक चिंताजनक वाटतात. ‘त्यांना ताप आला आहे’ असे पत्नी कामाच्या ठिकाणी खोटेच कळविते, आई गुत्त्यावरची उधारी गुपचूप फेडते. त्यामुळे पिण्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. त्याला जेवण, औषध व आपुलकी द्यावी. खोटे बोलणे आणि उधारी फेडणे मात्र थांबवावे. हे निष्ठुरपणाचे वाटते, आईला तर फारच.

काही घरांत दारू सोडविण्याचे औषध त्याच्या नकळत आमटीत मिसळले जाते. हे कदापि करू नये. डायसल्फिराम या औषधावर दारू प्यायल्यास उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते. तसेच रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये; पुढील दोन-चार दिवसांत फिट येण्याचा व भ्रम होण्याचा धोका असतो.

घरात मारहाण होत असल्यास ‘लग्नात दिलेले वचन’ म्हणून सहन करीत राहावे, असे ख्रिस्तसभा सांगत नाही. जोडीदारापासून स्वतःला वा मुलांना गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्यास कॅनन कायद्याचे ११५३ वे कलम वैध कारण मानते. विलंब धोक्याचा असेल तर बिशपांच्या निर्णयाची वाट न पाहताही.

डब्लिनचा मजूर मॅट टॅलबट (१८५६–१९२५) ऐन तारुण्यात दारूच्या पूर्ण आहारी गेला होता. १८८४ साली त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली, तीही प्रथम तीनच महिन्यांची. जन्मभराची शपथ नंतर आली. मोह होऊ नये म्हणून तो खिशात पैसेही बाळगीत नसे. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी त्याला ‘वंदनीय’ घोषित केले. आपण मात्र पहिल्याच दिवशी माणसाकडून आयुष्यभराचे वचन मागतो!

कुटुंबीयांनाही आधार लागतो. मद्यपींच्या नातलगांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल-ॲनॉनच्या सभा आपल्याकडेही भरतात; घरचा माणूस उपचार घेत नसला तरी तेथे जाता येते. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत स्थापन केलेले कृपा फाउंडेशन, तसेच पुण्याचे मुक्तांगण येथेही कुटुंबीयांना मार्गदर्शन मिळते. १४४४६ या शासकीय क्रमांकावर विनाशुल्क चौकशी करता येते.

लग्नसराईत आणि नाताळात आग्रह करणारे आपलेच नातेवाईक असतात. ‘एकाच घोटाने काय होते?’ असे म्हणत पेला पुढे करणाऱ्याला यजमानानेच थांबवावे. त्या बिचाऱ्याला चारचौघांत नकार देण्याची पाळी येऊ देऊ नये.