कमी आलेलं बिल

सकाळी ७

दुकान साडेनऊला उघडतं, पण बिलं वाटून झाली की त्या आठवड्यात फोन चहाच्या आधीच वाजतो. आज चेंबूरहून आमच्याच आळीतले काका. लोणंदचं घर वर्षभर बंद. कुलूप निघतं ते उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि माउलींची पालखी मुक्कामाला असते तेव्हा.

"अगं, घरात दिवा नाही की पंखा नाही, आणि बिल साठ युनिटचं. कोण भूत राहतंय का तिथं?"

मीटर आतल्या पडवीत आहे. रीडिंग घेणारा पोरगा दाराशी येतो, कुलूप बघतो, मोबाईलमध्ये तसं नोंदवतो आणि पुढच्या घराकडं वळतो. मीटरपर्यंत पोचता आलं नाही तर आधीच्या ज्या तीन बिलांना खरं रीडिंग मिळालं होतं त्यांची सरासरी धरायची, अंदाजानं बिल द्यायचं, आणि पुढं रीडिंग मिळालं की फरक वळता करायचा, असा नियम आहे. काकांची शेवटची खरी रीडिंगं पडली तेव्हा नातवंडं सुट्टीला आली होती आणि कूलर रात्रंदिवस चालू होता. त्याच सुट्टीचं बिल ते श्रावणातही भरताहेत.

त्यांना तेच सांगितलं जे मागंही सांगितलं होतं: मीटर बाहेरच्या भिंतीवर घ्यायला अर्ज करा. ते म्हणाले, गणपतीत बघू.

सकाळी ९.३०

शटर वर. प्रिंटरला कागद, देवाला उदबत्ती. बाहेर मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या कांद्याच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला. पहिला तास सातबारा, पॅनकार्ड आणि बिल भरणाऱ्यांचा. भरणारे बिल उलगडूनही बघत नाहीत. ग्राहक क्रमांक सांगायचा, रक्कम ऐकायची, पैसे टेकवायचे. मी आपली प्रत्येकाच्या बिलावर एक नजर टाकतेच. रकमेवर नाही, चालू रीडिंग आणि मागील रीडिंग छापतात त्या जागेवर. तिथं दोन आकडे असले तर ठीक. आकड्याच्या जागी लॉक, फॉल्टी, आरएनए असलं काही आलं, की ते बिल अंदाजाचं. आरएनए म्हणजे रीडिंग मिळालंच नाही. मीटरचा फोटो छापतात त्या चौकटीतही अशा वेळी काहीच नसतं, किंवा असतो तो काळा धूसर डाग.

सकाळी ११

गावठाणातल्या आज्जी बिल पदराच्या गाठीला बांधून आल्या. तोंड उतरलेलं.

"ताई, कायतरी चुकलंय गं. दर महिन्याला एवढं येतंय व्हय? लेकानं पाठवलेलं सगळं ह्यातच जायाचं."

बिल ४७६ युनिटचं. मागची तीन काढायला लावली, पिशवीत होतीच. तिन्हीवर ७४ युनिट. एक कमी नाही, एक जास्त नाही. घरात माणसं राहतात, पाहुणे येतात, गावाला जातात. सलग तीन महिने मोजून ७४ युनिट कुणाच्या घरात जळत नाहीत. हे तिन्ही महिने सरासरीचे.

"आज्जी, ह्या चार महिन्यांत घरात कोण होतं?"

"लेक होती की बाळंतपणाला."

म्हणजे बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी तापवायला हीटर, बाळाचे कपडे वाळवायला रात्रभर पंखा. मागचं खरं रीडिंग ४३१२, आताचं ४७८८. फरक ४७६, महिन्याला ११९. आकडा खोटा नाही. पण आकडा खरा असला म्हणून बिल बरोबर असतंच असं नाही, आणि माझं खरं काम इथून पुढं असतं.

घरगुती विजेचे दर टप्प्यांचे आहेत: शंभर युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट, तिसऱ्याचा त्याहून चढा. हे टप्पे महिन्याचे असतात. तेव्हा ४७६ युनिटांना चार महिन्यांत वाटलं पाहिजे. तसं वाटलं तर ४०० युनिट स्वस्त टप्प्यात बसतात आणि ७६ च दुसऱ्यात. न वाटता एकाच महिन्याचा वापर धरला, तर १०० पहिल्यात, २०० दुसऱ्यात आणि १७६ थेट तिसऱ्यात. वीज तेवढीच, मीटर तोच, पण रक्कम बघून माणूस मटकन खाली बसेल. शिवाय आधी भरलेले २२२ युनिटांचे पैसे वजा व्हायला हवेत. महावितरणच्या ऑफिसात त्याला लॉक क्रेडिट म्हणतात.

आज्जींच्या बिलात वाटणी बरोबर होती आणि वजावटही झाली होती. मी कागदावर आकडेमोड करून दाखवली. आज्जींना आकड्यांत गम्य नव्हतं, पण त्या माझ्या बोटाकडं बघत राहिल्या.

"म्हणजे भरायचं?"

"भरायचं. पण हप्ते मागू." अर्ज मीच लिहिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. आज्जींनी दुपारी शेवग्याच्या शेंगा पाठवल्या.

दुपारी १.३०

डबा खाताना शेजारचे मेडिकलवाले नाना येऊन बसतात. त्यांच्याकडं २०२० सालची बिलं अजून फायलीत आहेत, आणि विषय निघाला की फाइलही निघते. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, घरोघरी जाणं बंद झालं, तेव्हा महावितरणनं डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची सरासरी काढून बिलं पाठवली. थंडीतले महिने. इकडं माणसं एप्रिल-मे भर घरात कोंडलेली, पंखे गरगरताहेत, पोरं टीव्हीसमोर. बिल मात्र थंडीचं. कुणी म्हणून तक्रार केली नाही. जूनमध्ये रीडिंग सुरू झालं आणि साठलेलं सगळं एका कागदावर आलं. त्यात १ एप्रिलपासून दरही नवे. राज्यभर ओरड झाली. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत. एकरकमी भरणाऱ्याला दोन टक्के सूट आणि बाकीच्यांना तीन हप्ते, एवढं पदरात पडलं. दिवाळीच्या सुमारास माफीची आशाही मावळली.

नाना अजून म्हणतात, लुटलं. मी म्हणते, नाना, एप्रिलचं बिल स्वस्त आलं तेव्हा तुम्ही खूश होता. ह्यावर ते फाइल मिटतात आणि गोळ्यांच्या एक्सपायरीबद्दल बोलायला लागतात.

दुपारी ३.३०

ही वेळ अर्जांची. कुणाचा मीटर बंद पडलेला, कुणाचं बिल म्हणजे अंगापेक्षा बोंगा मोठा. मीटर बंदच असेल तर सरासरी तीन बिलांची नाही, बारा महिन्यांच्या वापराची धरतात. मीटर भरधाव पळतोय असं वाटलं तर तपासणीची फी भरून तो तपासून घ्यायचा. बरेच जण सुरुवातीलाच ‘मीटर फॉल्टी आहे’ असं लिहा म्हणतात. मी आधी सीपीएल काढायला पाठवते. ग्राहकाच्या खात्याचा उतारा तो. कुठल्या महिन्यात काय रीडिंग पडलं, कुठं सरासरी लागली, कधी काय वजा झालं, सगळं त्यात ओळीनं असतं. सीपीएल हातात घेऊन बोलणाऱ्याशी साहेबही वेगळ्या सुरात बोलतो.

आजचा माणूस तापलेला होता. वाद मिटेपर्यंत छदामही भरणार नाही म्हणाला. त्याला समजावलं, तसं करू नका. वीज कायदा २००३, कलम ५६. बिल मान्य नसेल तर मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम निषेध नोंदवून भरा. मग वाद चालू असताना लाईट तोडता येत नाही. आणि थकबाकीसाठी तोडायची झालीच तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी जुनी बाकी अचानक काढली की कामाला येते: दोन वर्षांपूर्वीची रक्कम मधल्या बिलांत सतत बाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. सातारा जिल्हा बारामती परिमंडलात येतो, म्हणून ऑफिसात काम झालं नाही तर पुढचा अर्ज बारामतीच्या तक्रार निवारण मंचाकडं. तिथंही पटलं नाही तर विद्युत लोकपाल. अर्जाची पोचसुद्धा घ्या, असं मी दोनदा बजावलं.

शेतीपंपांच्या बिलांवर कुणी बोलायला लागलं की मात्र मी हात जोडते. अंदाजाचा मूळ अड्डा तो. वीज ग्राहक संघटनेचे इचलकरंजीचे प्रताप होगाडे ते प्रकरण वर्षानुवर्षं मांडताहेत. माझ्या टेबलावर ते मावत नाही.

संध्याकाळी ६

एमआयडीसीची पाळी सुटली की भाडेकरू पोरं येतात. आज दोघं, एकाच खोलीतली. एका महिन्यापूर्वी राहायला आलेली, आणि मालकानं त्यांच्या हातात पाच महिन्यांचा फरक आलेलं बिल ठेवलेलं. आधीचे भाडेकरू सरासरीचं बिल भरून, डिपॉझिट घेऊन कधीच शिरवळला गेले. मला चीड येते ती ह्याची. सरासरीचा फरक कधी ना कधी वळता होतो, पण तोवर माणूस बदललेला असतो. एकानं जाळायचं आणि दुसऱ्यानं भरायचं. मालकाला फोन लावला. ते म्हणाले, मी तरी कुठून भरू? शेवटी पोरं आली त्या दिवसापासूनच्या युनिटांचं त्यांनी, बाकीचं मालकानं, असं ठरलं. पण राहायला आले त्या दिवशीचं रीडिंग कुठाय? एकानं खोलीत शिरताना व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला होता. दाराच्या वरचा मीटर त्यात दिसत होता, आकडेही लागले. निभावलं.

रात्री ८.३०

शटर ओढणार तोच स्टेशनकडचा एक गडी. बिल भरायचं. ६८ युनिट. मागचं बघितलं: ६८. त्याच्या मागचं: ६८. शेवटचं खरं रीडिंग ५७४०.

"दादा, घरी जाऊन मीटरचा फोटो पाठवा."

"कमी आलंय तर तुझं काय जातंय गं?" तो हसला, भरून गेला. पण पाठवला. पहिल्या फोटोत २०:५२, म्हणजे घड्याळ. मीटरच्या पडद्यावर आकडे पाळीपाळीनं येतात: तारीख, वेळ, मग बाकीचे. केडब्ल्यूएच अक्षरं दिसेपर्यंत थांबा, म्हटलं. दुसऱ्यात तारीख. तिसरा नीट आला: ६१०२.

जळलेली युनिटं ३६२, बिलात आलेली २०४. म्हणजे १५८ युनिटं अजून यायची आहेत, आणि जितके महिने तो हसत भरेल तितकी ती वाढत जाणार. कंपनीच्या ॲपवर आपलं रीडिंग आपणच फोटोसकट टाकता येतं. त्याला तसं लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही आलं.

उद्या सकाळी मीच फोन करीन.